पाच सेंटिमीटरच्या वर्तुळात : रणगाड्याच्या प्रतिकृतीचे अंतरंग

रणगाड्याची लहान प्रतिकृती तयार करणारे बहुतेक छांदिष्ट आपले सारे कसब बाहेरच्या पोलादावर खर्च करतात. साखळ्यांना लागलेला चिखल, उन्हाने विटलेला हिरवा रंग, मागच्या धुराड्यावरची काजळी हे सारे पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते आणि प्रदर्शनात दादही त्यालाच मिळते. परंतु तोफबुरुजाचे झाकण उघडून आत डोकावले की एक वेगळेच जग दिसते. बाहेरून जे यंत्र केवळ शस्त्र वाटते, ते आतून एक खोली असते. तिथे बसण्याच्या जागा असतात, पाण्याच्या बाटल्या अडकवण्याच्या पट्ट्या असतात, डोके आपटू नये म्हणून लावलेल्या गाद्या असतात. या खोलीला रंग देणे आणि मग तो रंग वापराने झिजल्यासारखा, मळल्यासारखा करणे, ही या छंदातील एक सूक्ष्म आणि काहीशी उपेक्षित कला आहे. या दुसऱ्या क्रियेला छांदिष्टांच्या परिभाषेत ‘वेदरिंग’ म्हणतात.

आपल्या कुटुंबमासिकाच्या वाचकांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. मात्र ज्या घरात शाळकरी मुलगा किंवा निवृत्त आजोबा टेबलावर वर्तमानपत्र अंथरून प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडत बसतात, त्या घराला हा उद्योग चांगलाच ठाऊक असतो. या छंदाचे सर्वांत लोकप्रिय प्रमाण आहे एकास पस्तीस. मूळ वस्तूच्या पस्तिसाव्या भागाएवढी प्रतिकृती. हे प्रमाण काही शास्त्रीय विचाराने ठरले नाही. जपानमधील शिझुओका शहरातील तामिया कंपनीने १९६१ मध्ये ‘पँथर’ या जर्मन रणगाड्याचा मोटरवर चालणारा प्लॅस्टिक संच काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून जो आकार सोयीचा पडला तो मोजता पस्तिसावा हिस्सा निघाला. पुढे साऱ्या जगाने तोच स्वीकारला. गंमत अशी की, ज्या पोकळीत त्या काळी बॅटऱ्या बसत, त्याच पोकळीत आज लोक चिमुकल्या खुर्च्या आणि तोफगोळ्यांच्या मांडण्या बसवतात. युक्रेनमधील मिनीआर्टसारख्या कंपन्या तर संपूर्ण अंतर्भागासह संच काढतात आणि त्यांतील सुट्या भागांची संख्या पाहूनच नवख्याची छाती दडपते.

उदाहरणादाखल एकच वाहन घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन बनावटीचा शेरमन रणगाडा घेऊ आणि तोही फेब्रुवारी-मार्च १९४५ मधील मध्य ब्रह्मदेशातला. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्याने इरावती ओलांडून मेइक्तिला या गावावर जी मुसंडी मारली, तिच्यात प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय पलटणींचे शेरमन होते. डेक्कन हॉर्सचा उगम हैदराबाद संस्थानाशी जोडलेला, आणि आजचा मराठवाडा त्या काळी त्याच संस्थानात मोडत होता. याच पलटणीने सप्टेंबर १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत नवी तोफ बसवलेले शेरमन घेऊन पॅटन रणगाड्यांशी सामना दिला. म्हणजे हे यंत्र परदेशात घडले असले, तरी त्याच्या आत बसलेली माणसे अनेकदा आपल्याच भूमीतली होती.

आता त्या खोलीची मापे पाहा. तोफबुरूज ज्या कड्यावर फिरतो, त्या कड्याचा आतील व्यास एकोणसत्तर इंच, म्हणजे सुमारे १७५ सेंटिमीटर. पस्तिसाव्या हिश्श्यात ते नेमके पाच सेंटिमीटर भरते. मध्यम उंचीचा माणूसही १७५ सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्या वर्तुळात एकच माणूस आडवा झाला तर जेमतेम मावेल, आणि प्रत्यक्षात तिथे तीन माणसे काम करीत. उजवीकडे पुढे नेमबाज, त्याच्या पाठीशी नायक आणि डावीकडे गोळे भरणारा. त्यांच्या मधोमध तोफेचा मागचा अवजड भाग. खाली पुढच्या बाजूला चालक आणि त्याचा साथीदार, आणि दोघांच्या मध्ये गिअरची प्रचंड पेटी. इंजिन पाठीमागे आणि गिअरपेटी पुढे, त्यामुळे दोहोंना जोडणारा फिरता दांडा सैनिकांच्या पायांखालून जात असे. पंचाहत्तर मिलिमीटरच्या तोफेचे नव्वदहून अधिक गोळे याच जागेत रचलेले असत. मेजावरच्या प्रतिकृतीत हे सारे मुठीत मावते. म्हणूनच रंगवणाऱ्याने प्रथम मापाचे भान ठेवावे लागते. कुंचल्याच्या टोकाने उमटवलेला अर्ध्या मिलिमीटरचा टवका प्रत्यक्षात पावणेदोन सेंटिमीटरचा ठरतो आणि सहज ओढलेला दोन मिलिमीटरचा ओरखडा सात सेंटिमीटरचा.

शेरमनचा अंतर्भाग पांढरा असे. रणगाड्यात खिडक्या नसतात. झाकणे बंद झाली की पेरिस्कोपमधून झिरपणारा उजेड आणि दोन-चार लहान दिवे एवढ्यावरच सारे चालायचे. तो तुटपुंजा उजेड भिंतींवरून परावर्तित व्हावा, म्हणून पांढरा रंग. जर्मनांनी याच कारणासाठी हस्तिदंती छटा निवडली होती आणि खालच्या भागात गंजरोधक तांबूस अस्तर तसेच ठेवले होते. शेरमनच्या झाकणांची आतली बाजू मात्र पांढरी नसे. झाकण उघडले की तीच बाजू बाहेर येते आणि हिरव्या रणगाड्यावर पांढरा ठिपका दुरूनही चमकतो. म्हणून झाकणांना आतूनही बाहेरचाच हिरवट रंग. प्रतिकृती पारखणारे जाणकार सर्वप्रथम हेच पाहतात, आणि त्यांचे बरोबरच आहे. कारण ही चूक कौशल्याची नसते, विचाराची असते.

पांढरा रंग देणे हे ऐकायला सोपे आणि करायला अवघड. बाटलीतला शुद्ध पांढरा तसाच दिला तर एवढ्या लहान आकारावर तो स्नानगृहाच्या फरशीसारखा झगझगीत दिसतो. त्यात मातकट पिवळ्या किंवा तपकिरी रंगाचा किंचित अंश मिसळला की तो निवतो. दाट थर एकदम देऊ नये. करडे अस्तर देऊन ते वाळू द्यावे आणि त्यावर एअरब्रशने पातळ थरांमागून पातळ थर चढवावेत. कोपऱ्यांत आणि सांध्यांत अस्तराची करडी छाया थोडी डोकावू द्यावी. ही छाया पुढे फार उपयोगी पडते, कारण पांढऱ्यावर उजळ काही करता येत नाही. बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हरलिंडन यांनी लोकप्रिय केलेली कोरड्या कुंचल्याची पद्धत, ज्यात जवळजवळ पुसून घेतलेल्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग घासतात, ती बाहेरच्या गडद हिरव्यावर अप्रतिम शोभते. आत मात्र ती निष्प्रभ ठरते. पांढऱ्याहून फिकट रंग कोठून आणायचा? म्हणून आतले सारे काम सावलीने करावे लागते.

सावली देण्याचे साधन म्हणजे ‘वॉश’, अर्थात अतिशय पातळ केलेला गडद रंग. येथे एक साधे रसायन समजून घेतले पाहिजे. खालचा पांढरा ॲक्रिलिक असावा आणि वॉश तैलरंगाचा, म्हणजे वरच्या थरातील टर्पेंटाइनसारखा द्रावक खालच्या थराला सहसा इजा करीत नाही. दोहोंच्या मध्ये चकचकीत वार्निशचा एक थर द्यावा. खरखरीत पृष्ठभाग रंग शोषून घेतो आणि डाग पडतात. गुळगुळीत पृष्ठभागावर तोच रंग घरंगळत खोबणीत जाऊन बसतो. कुंचल्याचे टोक एखाद्या रिव्हेटच्या बुडाशी टेकवले की रंग केशाकर्षणाने आपोआप त्याच्याभोवती कडे करून थांबतो. हे पहिल्यांदा पाहताना मोठा आनंद होतो. दहा-पंधरा मिनिटांनी, द्रावकात जेमतेम भिजवलेल्या स्वच्छ कुंचल्याने अनावश्यक भाग टिपून घ्यावा आणि मग किमान एक दिवस त्याला हात लावू नये. या छंदात संयम हाच अर्धा खर्च असतो. वॉशसाठी काळा रंग मात्र टाळावा, कारण पांढऱ्यावर तो शाईच्या रेघांसारखा दिसतो. बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग उत्तम. कॅमलिनच्या तैलरंगांची एक लहान नळी कित्येक प्रतिकृतींना पुरते.

यापुढचा भाग मला सर्वांत रोचक वाटतो. आतील झीज आणि बाहेरची झीज यांचे न्याय निराळे आहेत. बाहेर ऊन, पाऊस आणि झाडाझुडपांचे ओरखडे असतात. आत माणूस असतो. त्यामुळे आत रंग कोठे उडाला असेल याचे उत्तर रंगाच्या पुस्तकात सापडत नाही. ते माणसाच्या हालचालीत शोधावे लागते. उदाहरण पाहा. पंचाहत्तर मिलिमीटर तोफेच्या सुरुवातीच्या तोफबुरुजाला वर एकच झाकण होते, नायकाच्या डोक्यावर. नेमबाजाला स्वतंत्र झाकण नव्हते, आणि डावीकडच्या गोळे भरणाऱ्याला तर बाहेर पडण्यासाठी तोफेच्या खालून वाकून पलीकडे यावे लागे. म्हणजे तीन माणसांची सारी ये-जा त्या एकाच वाटेने. साहजिकच त्या झाकणाची कड, तिच्याखालची नायकाची बैठक आणि ज्या कडीला धरून अंग वर खेचायचे ती कडी येथे रंग सर्वाधिक झिजलेला असणार. त्याउलट डाव्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातला पांढरा रंग जवळजवळ नवाच राहील. गोळे भरणाऱ्याच्या पायांखालची जमीन पाहा. तोफेतून बाहेर पडणारी पितळी टरफले तिथेच आदळत. तिथे लहान लहान खळ्या, टोकदार टवके आणि पितळेचे पिवळसर घासले गेलेले ओरखडे शोभतील. ही टरफले बाहेर टाकण्यासाठी बुरुजाच्या डाव्या भिंतीत जो लहान झरोका असे, त्याच्या चौकटीचा रंगही तसाच खरवडलेला असणार. चालकाच्या जागी नेमके पायांच्या पट्ट्यांवरचे पोलाद घासून चकचकीत झालेले दिसेल, आणि दोन्ही हातांनी धरायच्या दांड्यांची टोके तळव्यांच्या घामाने काळवंडलेली.

टवके काढण्याची युक्ती अगदी घरगुती आहे. खोक्यात येणाऱ्या स्पंजचा एक तुकडा चिमट्यात धरावा, गडद तपकिरी रंगात टेकवावा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत टिपावा आणि मग हलक्या हाताने कडांवर टेकवत जावे. स्पंजच्या अनियमित छिद्रांमुळे जे ठिपके उमटतात, तसे हाताने काढता येत नाहीत. उघड्या पोलादाची चमक हवी तिथे ६बी पेन्सिलीची पूड बोटाने चोळावी. गंज मात्र जवळजवळ कोठेच नको. ज्या वाहनात माणसे रोज वावरतात आणि ज्याच्या यंत्रांना नित्य तेलपाणी होते, त्याच्या आत नारिंगी गंजाचे ओघळ येण्याचे कारण नाही. प्रदर्शनांत असे ओघळ सर्रास दिसतात आणि त्यांना बक्षिसेही मिळतात, हा भाग वेगळा.

धुळीचाही विचार असाच करावा. धूळ झाकणांतून आणि माणसांच्या बुटांबरोबर येते आणि खालीच बसते. छत स्वच्छ, भिंतींचा खालचा तिसरा हिस्सा किंचित मळका, तळ पुरता धुळकट असा तिचा चढउतार असतो. मेइक्तिलाच्या आसपासचा प्रदेश हा ब्रह्मदेशाचा कोरडा पट्टा. आपल्या मनात ब्रह्मदेश म्हटले की चिखल आणि जंगल उभे राहते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे फिकट धुळीचे राज्य असते. म्हणून या वाहनाच्या तळाशी ओल्या चिखलाचे गोळे नकोत, कोरडी मातकट भुकटी हवी. बाजारात खास रंगभुकट्या मिळतात, पण महाग. मऊ पेस्टल खडू ब्लेडने खरवडून, त्यात वस्त्रगाळ गेरूची एखादी चिमूट मिसळली तरी काम भागते. जिथे इंजिनाकडून किंवा गिअरपेटीकडून तेल झिरपते, तिथे या धुळीत वार्निश मिसळलेल्या गडद तपकिरीचा एक ओला ठिपका द्यावा. कोरड्या धुळीत तेवढाच एक ओला डाग खूप काही सांगून जातो.

पांढऱ्या खोलीत जे थोडे रंग येतात, ते फार नेमकेपणाने यावेत. बुरुजाच्या मागच्या खणातील रेडिओ हिरवट. गोळ्यांची टरफले पितळी; चिलखत भेदणाऱ्या गोळ्याचे अग्र काळे, त्यावर पांढरी अक्षरे; स्फोटक गोळ्याचे हिरवट, त्यावर पिवळी अक्षरे; धुराच्या गोळ्याचे करडे, त्यावर पिवळी खूण. सगळे गोळे एकाच रंगात रंगवले तर मांडणी निर्जीव दिसते. तोफेच्या मागच्या भागात सरकणारा ठोकळा मात्र रंगवू नये. तो उघड्या, तेलकट पोलादाचाच असतो.

साधनांविषयी दोन गोष्टी आपल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण दुकानदार त्या आपणहून सांगत नाही. बारीक कामासाठी ‘कोलिन्स्की सेबल’ नावाचे कुंचले सर्वोत्तम मानले जातात. ते सायबेरियातील एका मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांपासून बनतात. कृत्रिम धाग्यांचे कुंचले आज इतके चांगले मिळतात की ते घेण्याचे काहीच कारण उरलेले नाही. कृत्रिम कुंचल्याचे टोक काही दिवसांनी वाकते हे खरे, पण एकाच्या जागी दोन घेऊन ठेवले की भागले. दुसरे असे की, ‘आयव्हरी ब्लॅक’ या काळ्या रंगाचे रंगद्रव्य हाडे जाळून केलेले असते. तैलरंगाची नळी घेताना त्याऐवजी काजळीपासून होणारा ‘लॅम्प ब्लॅक’ मागावा. त्याशिवाय, द्रावकांची वाफ आणि एअरब्रशचा फवारा बंद खोलीत घेऊ नये, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी हवी, आणि हे काम स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ तर कदापि नको.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळावे लागते. आतून जळालेल्या, गोळा लागलेल्या रणगाड्यांच्या प्रतिकृती काही जण तयार करतात. त्यात रक्ताचे डागही दाखवतात. तंत्राच्या दृष्टीने त्या कधीकधी थक्क करणाऱ्या असतात. पण त्या पाहताना मला नेहमी एका निराळ्या पांढऱ्या रंगाची आठवण होते. बेल्टन कूपर हे अमेरिकेच्या तिसऱ्या चिलखती डिव्हिजनमध्ये शस्त्रदुरुस्ती विभागाचे अधिकारी होते. निकामी झालेले शेरमन परत आणून दुरुस्त करणे हे त्यांच्या विभागाचे काम. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेथ ट्रॅप्स’ या त्यांच्या आठवणींतील शेरमनच्या गुणदोषांविषयीची मते पुष्कळ इतिहासकारांनी खोडून काढली आहेत. परंतु आपल्या कार्यशाळेत काय चाले, याचे त्यांनी केलेले वर्णन विसरता येत नाही. ज्या रणगाड्यात माणसे मेली, तो आतून धुऊन, जंतुनाशकाने स्वच्छ करून, भोके बुजवून, पुन्हा नव्याने रंगवला जाई. नव्या तुकडीला आत पाऊल ठेवताना आधीच्यांचे काही दिसू नये, त्यांचा वासही येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

हे वाचल्यावर पांढऱ्या रंगाकडे पाहण्याची दृष्टी पालटते. आपण समजतो की मळकट, खरवडलेला अंतर्भाग म्हणजे ज्याने खूप सोसले तो, आणि स्वच्छ कोरा म्हणजे नुकताच कारखान्यातून आलेला. प्रत्यक्षात एखाद्या बुरुजाच्या भिंतीवर थोडा जाड, सांध्यांत साचलेला, घाईने दिलेला ताजा पांढरा थर दिसला, तर त्याच्याखाली सर्वांत मोठी गोष्ट दडलेली असण्याचा संभव आहे. मी अशी एक प्रतिकृती पाहिली आहे. करणाऱ्याने जुनी झीज आधी नीट रंगवली होती आणि मग डाव्या भिंतीच्या एका भागावर कुंचल्याचे फटकारे दिसतील असा दाट पांढरा दिला होता. त्या थराची कड वायरींच्या नळीवरही थोडी गेली होती, घाईत रंगवणाऱ्याची जाते तशी. शेजारी कोणतीही पाटी नव्हती. बहुतेक पाहणारे ‘इथे काम अर्धवट राहिले आहे’ असे म्हणून पुढे जात होते.

आपल्याकडे हे विषय प्रत्यक्ष अभ्यासायचे असतील तर अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय हाताशी आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ मध्ये ते उभारले. मॅटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन ही महायुद्धातली ब्रिटिश वाहने, आपला विजयंता, रणांगणावर हाती लागलेला पॅटन हे सारे तिथे एका आवारात उभे आहेत. रंगवणाऱ्याने तिथे तोफांच्या लांबीकडे पाहत वेळ घालवू नये. झाकणांच्या कडा पाहाव्यात, पाय ठेवायच्या पट्ट्या पाहाव्यात, धरायच्या कड्या पाहाव्यात, आणि शक्य तर स्वतःला विचारावे की या वाटेने मला आत शिरता आले असते का.

शेवटी राहतो तो जुना वाद. इतके करून बुरूज वर बसवला की यातले काय दिसणार? झाकण उघडे ठेवले तरी नायकाची बैठक, तोफेचा मागचा भाग आणि तळाचा एक तुकडा. चालकाच्या पायांखालचे झिजलेले पोलाद कोणालाही दिसणार नाही. काही जण चिलखताचा एक भाग कापून काढतात, काही कंपन्या पारदर्शक कवच देतात. मला ते दोन्ही उपाय फारसे रुचत नाहीत. कापलेला रणगाडा पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखा वाटतो. सोपा मार्ग असा की बुरूज गोंदाने चिकटवूच नये. प्रतिकृतीत तो नुसता कड्यावर टेकवून ठेवता येतो. कोणी आस्थेने विचारले तर दोन बोटांनी अलगद उचलावा, आणि खाली ते पाच सेंटिमीटरचे वर्तुळ उघडे करावे.